आधी टोक गाठा, मग थांबत परत या: घरच्यांसोबत एका दिवसाची रस्तासफर

रस्ता ९० किलोमीटरचा आणि वाटेत बघायच्या जागा ११. साडेनऊला निघालो तेव्हा गाडीत सगळे खुशीत. पहिला पॉइंट आला, उतरलो, फोटो काढले. दुसऱ्यावर पोरांनी खडे वेचायला सुरुवात केली. तिसऱ्यावर सासूबाईंना पाय मोकळे करायचे होते, चौथ्यावर कुणाला तरी भूक लागली. ज्या धबधब्यासाठी हा सगळा घाट घातला होता तो रस्त्याच्या पार टोकाला. त्याचं फाटक पाचला बंद व्हायचं आणि आम्ही पोचलो पाच वाजून दहा मिनिटांनी. परतीचा उतार अंधारात, धुक्यात. मागे धाकटा ओकत होता, थोरली रडत होती आणि मी स्टिअरिंगला चिकटून रस्त्यावरची पांढरी रेघ शोधत होते.

चूक एवढीच की आम्ही जाताना थांबत गेलो. आता उलटं करतो. सकाळी जवळजवळ न थांबता टोक गाठायचं आणि परतताना एकेक जागा बघत यायचं. परतीच्या वाटेवरचा प्रत्येक थांबा घराच्या दिशेला असतो, उशीर झालाच तर त्यातला एखादा गाळता येतो. जाताना रेंगाळलात तर गाळायला उरतं ते टोकच. पोराबाळांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन अशा नावाजलेल्या रस्त्यावर पहिल्यांदाच निघणार असाल, तर बाकीची तयारी या एका गोष्टीभोवती बसवा.

आठवडाभर आधी: रस्ता झेपणारा आहे का

नकाशा जो वेळ दाखवतो तो न थांबणाऱ्या गाडीचा. आयर्लंडमधल्या रिंग ऑफ केरीचा फेरा १७९ किलोमीटरचा आहे. नुसती गाडी चालवली तर साधारण साडेतीन तासांत संपेल, पण बघत बघत जायचं तर दिवस पुरत नाही. लहान मूल बरोबर असलं की मी नकाशातल्या वेळेची दीडपट धरते. पाणी, लघवी, 'माझा बूट खाली पडला' हे सगळं त्या दीडपटीत येतं. उतरून बघायच्या जागा त्यात धरायच्या नाहीत, त्यांचा वेळ वेगळा.

घरापासून परत घरापर्यंतचं नुसतं चालवणं नकाशावर पाच तासांच्या वर जात असेल, तर तो रस्ता कुटुंबासाठी एका दिवसाचा नाही. मुक्काम करा किंवा अर्धाच रस्ता करा. अर्धा रस्ता करून परतण्यात काही कमीपणा नाही. उलट नावाजलेल्या बऱ्याच रस्त्यांचा खरा देखणा भाग वीस-तीस किलोमीटरचाच असतो आणि उरलेल्या भागात आपण पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचत बसतो.

मग बघायचं ते, त्या दिवशी रस्ता उघडा आहे का आणि आपल्या गाडीला तिथे जाता येतं का. नॉर्वेतला ट्रोलस्टिगेन हा ११ वळणांचा घाट हिवाळ्यात बर्फामुळे बंदच असतो, पण २०२४ मध्ये दगड कोसळू लागल्यामुळे तो ऐन उन्हाळ्याच्या हंगामातही बंद करावा लागला. अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला गोइंग-टू-द-सन रस्ता बर्फ हटवून पूर्ण उघडायला बहुधा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, आणि त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर गर्दीच्या दिवसांत नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषम नियम लागतो. जितका रस्ता प्रसिद्ध, तितकी अशी एखादी अट असण्याची शक्यता जास्त: आगाऊ परवाना, ठरावीक वेळेचा प्रवेश, एकेरी वाहतुकीचे तास. हे बघायचं ते रस्ते खात्याच्या किंवा उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर, कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत नाही. आदल्या रात्री पुन्हा एकदा बघायचं.

वाराची निवड तुमच्या हातात असेल तर जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. बस्स, यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

घड्याळ मावळतीपासून मागे मोजा

बहुतेक लोक निघायच्या वेळेपासून पुढे मोजत जातात आणि तिथेच फसतात. त्या दिवशीचा सूर्यास्त किती वाजता आहे ते बघा आणि तिथून मागे या. समजा मावळती पावणेसातला आहे. सपाटीवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत नकाशावर अर्धा तास, घाट एक तास, माथ्यापासून टोकापर्यंत आणखी एक तास, असा रस्ता धरू. दीडपटीने ते अनुक्रमे पाऊण तास, दीड तास, दीड तास.

डोंगरात सूर्य क्षितिजावर मावळत नाही, समोरच्या कड्याआड जातो आणि दरीतला रस्ता बराच आधी काळवंडतो. म्हणून सव्वासहाला घाट पूर्ण उतरलेला हवा, म्हणजे पावणेपाचला माथा सोडायचा. टोक ते माथा या परतीच्या भागात अर्ध्या अर्ध्या तासाचे तीन थांबे आणि दीड तासाचं चालवणं, असे तीन तास. म्हणजे टोकावरून पावणेदोनला निघायचं. टोकावर जेवण आणि भटकंतीला दोन तास दिले तर पावणेबाराला तिथे पोचायला हवं. घरून टोकापर्यंत पावणेचार तास, म्हणजे आठला निघणं आलं. आणि चार माणसांच्या घरात आठला निघायचं तर सगळ्यांना साडेसात सांगायचं.

या सगळ्या आकड्यांत पाठ करायचा तो एकच, पावणेदोन. ही परत फिरायची वेळ. पावणेदोन वाजता जिथे असू तिथून गाडी मागे वळणार, टोक आलेलं असो वा नसो. हे आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, मोठ्यांनासुद्धा. ऐन वेळी 'आता आलोच आहोत तर दहा मिनिटांत जाऊन येऊ' असं म्हणणारा आमच्याकडे मुलगा नसतो, नवरा असतो.

टोकावर बसलेले असताना घड्याळाबरोबर हातही वापरता येतो. हात समोर लांब करून तळवा आपल्याकडे आडवा धरायचा आणि सूर्य नि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. समोर डोंगर असेल तर क्षितिजाऐवजी डोंगराच्या कडेपर्यंत मोजायचं. सूर्याकडे थेट टक लावून बघायचं नाही, एवढं पोरांना आधी सांगा. आमच्याकडे आता निघायची वेळ झाली की नाही हे थोरलीच बोटं मोजून जाहीर करते, त्यामुळे निघायला कुणी कुरकुरत नाही.

कुठल्या दिशेने, कुठल्या बाजूने

रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जाता येतं का ते बघा. दोन्ही वेळा ऊन पाठीमागे राहतं, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. याच्या उलट झालं तर सकाळी आणि संध्याकाळीही समोरून तिरीप. संध्याकाळची तिरीप घाटातल्या वळणावर फार वाईट, कारण वळेपर्यंत काही नसतं आणि वळल्याक्षणी काच पांढरी होते. दिशा बदलता येत नसेल तर काच आतून पुसून घ्या. आतल्या बाजूचा तेलकट थर उन्हातच दिसतो.

किनाऱ्याच्या रस्त्याचं गणित वेगळं. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात आपल्या पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधला. तिथे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे टॉर्कीकडून पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्याच लेनला लागून राहतो. कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावर गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथे उत्तरेकडून दक्षिणेला येताना तेच सुख मिळतं. आपल्या बाजूच्या पॉइंटवर नुसतं कडेला घ्यायचं असतं. पलीकडच्या बाजूच्या पॉइंटसाठी समोरून येणाऱ्या गाड्यांमधून वळावं लागतं, तेही बहुतेक वेळा आंधळ्या वळणाजवळ.

म्हणूनच नकाशावर बघायच्या जागा लिहिताना नावापुढे 'जाताना आपली बाजू' किंवा 'येताना आपली बाजू' अशी खूण करा. येतानाच्या बाजूला असलेल्या जागा परतीला ठेवा. 'जाताना थांबायचं नाही' या माझ्या नियमाला इथे एक सवलत आहे: एखादी जागा खरोखर अप्रतिम असेल आणि ती जातानाच्याच बाजूला असेल, तर जाताना तेवढी एक बघून घ्या. एक म्हणजे एकच. डोंगरात उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी आकाश मोकळं आणि दुपारनंतर ढग, असं पुष्कळदा होतं. त्यामुळे दूरवरचं शिखर बघायचा पॉइंटच निवडायचा असेल तर सकाळचा निवडा, धबधबा नि तळं ढगातही बघता येतात.

रस्ता गोल फेऱ्याचा असेल तर टोक म्हणजे फेऱ्याचा मध्य. पहिला अर्धा सरळ, दुसरा अर्धा रमतगमत. आधी तिथल्या पर्यटक बस कुठल्या दिशेने फिरतात ते शोधा. रिंग ऑफ केरीवर त्या घड्याळाच्या उलट दिशेने जातात. त्यांच्यामागून गेलात तर बसच्या मागे रांगेत, उलट गेलात तर अरुंद जागी समोरासमोर. नवख्याने मागून जावं आणि बसच्या आधी तासभर निघावं. रांगेत असण्याचा फक्त कंटाळा येतो, अरुंद रस्त्यावर गाडी उलटी मागे घ्यावी लागली तर घाम फुटतो.

गाडी: टायर आणि ब्रेक, बाकी नंतर

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा. किती हवी ते चालकाच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं आणि तिथे बहुतेकदा दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक भरलेल्या गाडीचा. आपल्याला दुसरा हवा, कारण आज सगळ्या सीट भरल्या आहेत आणि डिकीही. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो, हे स्टेपनीच्या बाबतीत हमखास खरं असतं. स्टेपनीतही हवा बघा. जॅक आणि पान्हा गाडीत आहेत की मागच्या खेपेला शेजाऱ्यांना दिले, तेही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषली की ते कमी तापमानाला उकळतं. डॉट-४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक कळतही नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर घाटात जायच्या आधी बदला.

इंधन किंवा चार्ज अर्ध्याच्या वर ठेवूनच घाटाला लागा. कॅनडातला आइसफील्ड्स पार्कवे २३२ किलोमीटरचा आहे, त्यावर मधे इंधन मिळण्याचं ठिकाण एकच आणि तेही हिवाळ्यात बंद. मोबाइलला रेंजही जवळजवळ नाही. असा रस्ता असेल तर नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. विजेवरची गाडी असेल तर चढावर चार्ज भरभर उतरतो आणि उतारावर थोडा परत येतो. पण माथ्यावरच १०० टक्के चार्ज करून उतरायला लागलात तर बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे गाडी मोटरवर रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गाडी लागते त्यांच्यासाठी

गाडी लागणं म्हणजे कान आणि डोळे यांचं भांडण. आतल्या कानाला वळण कळतं, डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर, त्यांच्या मते सगळं स्थिर आहे. हे भांडण पोटात जाऊन मिटतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त. त्याहून लहान बाळांना सहसा होत नाही. चालवणाऱ्याला जवळजवळ कधीच नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

उपाय त्यातच आहे: पुढचा रस्ता दिसू द्या. मागच्या सीटवर मधोमध बसलं की पुढची काच दिसते. तिथे तीन बिंदूंचा, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, पट्टा असेल आणि लहान मुलाची सीट नीट बसत असेल तर ज्याला लागते त्याला मधे बसवा. ज्याची उंची-वय पुढच्या सीटला चालण्याजोगं आहे त्याला घाटापुरतं पुढे बसवा. उलट्या तोंडाची बाळाची सीट मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागी कधीही नाही. घाटात मोबाइल, पुस्तक, रंगाची वही सगळं बंद. ऐकण्याचे खेळ, गाणी, गोष्टी चालतात. आमच्याकडे 'पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे' हा खेळ चालतो. तो मी औषध म्हणूनच सुरू केला होता, कारण त्यासाठी पुढे बघावंच लागतं.

पोट रिकामं नको, गच्चही नको. निघायच्या तासभर आधी हलकं, कोरडं काहीतरी. तेलकट आणि दुधाचं नको. गोळी द्यायची असेल तर मुलाच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, आणि घाटाच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा गोळीसकट बाहेर येते. काचा थोड्या उघड्या ठेवा. गाडीतलं सुगंधी अत्तर आदल्या रात्रीच काढून ठेवा, माझ्या मते अर्ध्या ओकाऱ्या त्यानेच होतात.

मूल एकदम गप्प झालं, जांभया देऊ लागलं, ओठांभोवती पांढरं पडलं, की दोन-तीन मिनिटं हातात आहेत. बडबड्या धाकट्याचा आवाज बंद झाला की मी आरशात बघते. थांबायला जागा नसेल तेव्हासाठी जाड पिशवी हाताशी हवी, डिकीत नको. पिशवीच्या तळाला कागदी रुमाल घालून ठेवला की सांडत नाही आणि उडत नाही. हे मी दोन सीट कव्हरं धुतल्यावर शिकले.

उंचीवर कान बंद झाले तर गिळायला लावा: पाणी, चघळायला गोळी, बाळाला दूध. आणि स्वेटर घ्या. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली घाम आणि वर कुडकुडणं, हे एकाच दिवसात होतं.

हाताशी काय, डिकीत काय

सामानाची यादी प्रत्येकजण आपली करतोच. मी फक्त जागा सांगते. हाताशी: पाणी, पिशव्या, ओले रुमाल, प्रत्येकाचं एक गरम कापड, रोजची औषधं, टॉर्च. डिकीत: जेवण, कपड्यांचा एक जोड, प्रथमोपचार, चटई. डिकीतलं सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका. जोरात ब्रेक लागला की वरची वस्तू थेट डोक्यावर येते. त्या भागातला तातडीच्या मदतीचा नंबर कागदावर लिहून पुढच्या आरशाला अडकवा. ११२ अनेक देशांत चालतो, सगळीकडे नाही.

घाटात: चढताना आणि उतरताना

चढताना घाई नको. मागून गाडी चिकटली असेल तर पुढच्या रुंद जागी कडेला घ्या आणि तिला जाऊ द्या. अभिमान वगैरे काही नाही, उलट मागचा आरसा रिकामा झाला की आपली गाडी आपोआप सावकाश आणि नीट चालते. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर पुष्कळ ठिकाणी आधी वाट चढणाऱ्या गाडीची, कारण चढावर पुन्हा गाडी उचलणं अवघड. आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न, रात्री डिपर. आपली लेन सोडायची नाही. वळण कापलं की समोरच्याची लेन आपली वाटायला लागते.

खरी परीक्षा उतारावर. जुन्या चालकांचा साधा नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सेकंडवर चढलात तर सेकंडवर. गाडी इंजिनावर रोखली जाते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वळणाआधी एकदा घट्ट दाबायचा, वेग पाडायचा, सोडून द्यायचा. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचवण्याचा विचारही नको. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा डीवर, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवर, ठेवून उतरू नका. एल, २, एस किंवा बी असं काहीतरी लिहिलेलं असेल ते कशासाठी आहे हे सपाट रस्त्यावर असतानाच पुस्तिकेत वाचून घ्या.

आम्ही ते वाचलं नव्हतं. नवरा डीवर उतरवत होता. सातव्या-आठव्या वळणाला जळक्या कापडासारखा वास आला. मला वाटलं बाहेर कुणी कचरा पेटवलाय. दोन वळणांनी पेडल मऊ लागतंय असं तो म्हणाला तेव्हा कळलं की वास आमचाच. रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला थांबलो, गाडी पार्कवर टाकली, चाकापुढे दगड लावले आणि चाळीस मिनिटं बसलो. चाकाजवळ हात नेला तर झळ लागत होती. अशा वेळी पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका. तापलेली डिस्क एकदम थंड झाली की वाकडी होते किंवा तडकते. थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरायचं आणि पायथ्याशी ब्रेक दाखवून घ्यायचे.

धुकं आलं तर लाइट खाली, म्हणजे लो बीमवर. हाय बीमचा उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लॅम्प असतील तर लावा. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय हे कळत नाही. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाहेर, वळणापासून दूर थांबा. रस्त्याच्या कडेला अर्धवट घुसवलेली गाडी धुक्यात सर्वांत धोकादायक. काचेवर आतून वाफ धरली तर एसी काचेकडे वळवा आणि हवा बाहेरून घ्या.

थांब्यांवर

फोटोसाठी वळणावर थांबू नका, पुढे थांबायची जागा असतेच आणि तिथूनही तेच दिसतं. उतरताना एक मोठा माणूस आधी बाहेर येतो, मग मुलं, तीही दरीकडच्या किंवा डोंगराकडच्या दाराने, रस्त्याकडच्या नाही. मुलांच्या बाजूच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असलं की हा नियम आपोआप पाळला जातो. कठड्यावर कुणालाही बसवू-उभं करू नका, फोटो कितीही छान येत असला तरी. पोरं फोटोच्या वेळी 'अजून थोडं मागे' हे शब्द फार गंभीरपणे घेतात.

झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणून जाऊ नका. उन्हातल्या बंद गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं. एकजण मुलापाशी थांबतो, परत आल्यावर दुसरा जातो.

गाडी चालवणारा दिवसभर दरी बघतच नाही, रस्ता बघतो. परतीच्या तीन थांब्यांतला एक त्याच्यासाठी ठेवा. त्या वेळी मुलांना दुसऱ्याने सांभाळायचं आणि चालवणाऱ्याने कठड्याशी उभं राहून सगळं नीट बघून घ्यायचं. नाहीतर तो चालवता चालवता बघतो.

परतताना

दुपारी दोन ते चार ही पेंगेची वेळ, जेवलेलं असो वा नसो. आपल्या वेळापत्रकात नेमकं याच वेळी परतीचे थांबे येतात, त्यामुळे एका सलग बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त चालवणं होत नाही. दोन चालक असतील तर टोकावर अदलाबदल करा, घाटाच्या माथ्यावर नको. नव्या हाताला गाडी अंगवळणी पडायला पंधरा-वीस मिनिटं सपाटी हवी. झोप येतेय असं वाटलं तर काच उघडून, गाणी मोठ्याने लावून भागत नाही. सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटं डोळे मिटा.

घाट उतरून झाल्यावर, पायथ्याशी, दहा मिनिटं थांबायचं हे आम्ही आता नेमाने करतो. तिथे बघण्यासारखं बहुतेक वेळा काहीच नसतं. पोरं एकदा उतरून येतात, सासूबाई गुडघे चोळतात, मी चाकांजवळ जाऊन वास घेऊन येते. अंधार पडायला अजून अर्धा तास असतो आणि पुढचा रस्ता सरळ असतो. मागच्या सीटवर कोण किती वळणं बरोबर ओळखली यावरून भांडण चालू असतं, आणि दोन किलोमीटरच्या आत सगळे झोपलेले असतात.